विचारकौशल्ये आणि आहारविषयक वृत्ती

आहारविषयक विकृत वृत्तीचा विचार बहुधा रुग्णांच्या संदर्भातच केला जातो. तथापि वजनवाढीचे सततचे भय, जेवणानंतरची अपराधी भावना, अन्नाचे अखंड चिंतन ही लक्षणे निरोगी समजल्या जाणाऱ्या स्त्रीपुरुषांतही कमीअधिक प्रमाणात आढळतात. त्यांच्या मापनासाठी गार्नर व गारफिंकेल यांनी १९७९ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. १९८२ साली तिचे २६ विधानांचे संक्षिप्त रूप सिद्ध झाले. तीत २० वा अधिक गुण पडल्यास पुढील तपासणी इष्ट मानतात; मात्र तेवढ्यावरून रोगनिदान होत नाही.

अशी वृत्ती म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे. येथे प्रश्न आहे तो विचाराच्या लवचीकपणाचा. बर्ग यांनी १९४८ साली मांडलेल्या कसोटीत पत्त्यांची वर्गवारी करावयाची असते, आणि तिचा नियम पूर्वसूचना न देता बदलला जातो. जुना नियम टाकून नवा शोधणे काहींना जड जाते. क्षुधानाशाच्या मनोविकाराने पीडित अशा रुग्णांत हा ताठरपणा अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. सामान्य लोकांत मात्र हा संबंध क्षीण असून निष्कर्षही एकसारखे नाहीत.

ताठर नियमाचे व्यवहारातील स्वरूप हर्मन व मॅक यांच्या १९७५ च्या प्रयोगात दिसते. आहारावर कटाक्षाने निर्बंध घालणाऱ्या विद्यार्थिनींनी प्रथम दुधाचे गोड पेय घेतले असता, नंतर त्यांनी आइस्क्रीम कमी न खाता उलट अधिक खाल्ले. एकदा नेम मोडला, तो मोडलाच, अशी ही विचारसरणी होय.

परंतु कारण कोणते व कार्य कोणते? १९४४–४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे मन अन्नानेच व्यापून गेले. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचू लागले. चित्त एकाग्र होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. बुद्धिमापनाच्या कसोट्यांत मात्र लक्षणीय घट आढळली नाही. म्हणजे उपासमारही विचाराला एकाच विषयाशी जखडून टाकू शकते.

सारांश, ताठर विचार आहार बिघडवीत असेल, तसाच अपुरा आहारही विचार संकुचित करीत असेल. एकाच वेळी घेतलेल्या मापनावरून याचा निर्णय होणे शक्य नाही. म्हणूनच अशा व्यक्तीस दुर्बल मनाची ठरविण्यापूर्वी तिला पुरेसे अन्न मिळते की नाही, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.