उंदीर, बीज आणि मुलांचा मधुमेह

आमच्या ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत एखाद्या लहान मुलाला 'शुगर' निघाली की पहिला प्रश्न त्याच्या आईला: "गोड फार देत होतीस का?" दुसरा: "तुमच्या घराण्यात कोणाला होती?" या प्रश्नांचा उलगडा करण्यास एका जपानी उंदराची मोठी मदत झाली आहे. त्याची माहिती आम्ही वाचकांना देत आहोत.

जपानमधील शिओनोगी या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत माकिनो व त्यांचे सहकारी उंदरांची पैदास करीत होते. त्यांतील काहींना आपोआप मधुमेह होत असल्याचे आढळले. ही जात त्यांनी १९८० साली जगापुढे मांडली. तिला एन.ओ.डी. म्हणतात. या उंदरांच्या शरीरातील संरक्षक पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींनाच शत्रू समजून मारतात. राखणीच्या कुत्र्याने घरच्याच कोंबड्या फस्त कराव्यात, तसे! मुलांच्या मधुमेहात, म्हणजे पहिल्या प्रकारात, हेच घडते. आईने दिलेल्या लाडवाचा त्यात काही दोष नाही.

आता घराण्याचे पाहू. गव्हाचे एखादे वाण तांबेऱ्याला लवकर बळी पडते, पण रोगाला पोषक हवा नसेल तर तेच वाण उत्तम पिकते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. एन.ओ.डी. उंदीर पिढ्यान्‌पिढ्या भावंडांचेच जोडे लावून वाढविलेले. त्यामुळे सर्वांचे बीज जवळजवळ एकच. पिंजरा एक, खाद्य एक. तरी पुष्कळ ठिकाणी माद्यांपैकी सुमारे ६० ते ८० टक्के आजारी पडतात आणि नरांपैकी २० ते ३० टक्केच. शिवाय पिंजरे जितके जंतुरहित, तितका आजार अधिक. (म्हणून मुलांना घाणीत ठेवावे, असा अर्थ कोणी काढू नये.) बीजाने कल मिळतो, आजार ठरत नाही.

'हा आपला, तो परका' हे संरक्षक पेशींना दाखवून देणारी जनुके यात सर्वांत महत्त्वाची असतात, उंदरांत आणि माणसांतही. युरोपीय लोकांवरून बसविलेले अशा जनुकांचे गणित आपल्याला लागू पडते का, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादची सी.सी.एम.बी. आणि इंग्लंडचे एक्सेटर विद्यापीठ यांनी तपासले. पहिल्या प्रकारचे २६२, दुसऱ्या प्रकारचे ३५२ व निरोगी ३३४ जण त्यांनी अभ्यासले. २०२० साली निष्कर्ष आला: गणित बऱ्याच अंशी लागू पडते, मात्र काही जनुकांचे वजन आपल्याकडे वेगळे आहे. आपल्याकडे सडपातळ माणसालाही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो. तेव्हा नेमका प्रकार ओळखण्यास याचा उपयोग आहे.

पहिल्या प्रकारच्या बहुतेक मुलांच्या जवळच्या नात्यात हा आजार आधी कोणालाच नसतो. तेव्हा भावाला इन्सुलिन चालू आहे म्हणून बहिणीचे लग्न अडविणे आम्हांला मुळीच पटत नाही.

उंदरांना बरे करणारे कितीतरी उपाय माणसांवर फसले आहेत. म्हणून कोणी काढा किंवा पुडी दिली, तरी मुलाचे इन्सुलिन एक दिवसही बंद करू नये. मूल एकाएकी वाळू लागले, सारखे पाणी मागू लागले, रात्री पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घरी फ्रीज नसेल तर इन्सुलिनची कुपी कोरड्या डबीत घालून, बाहेरून ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवावी. बर्फात मात्र ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.