महाराष्ट्रातील विसर्जित व स्थलांतरित व्यावसायिक क्रीडासंघ

महाराष्ट्रात स्थापन होऊन राष्ट्रीय पातळीवरील व्यावसायिक स्पर्धांत उतरलेले व पुढे बंद पडलेले किंवा परराज्यात हलविले गेलेले क्रीडासंघ. असे संघ मुख्यतः फुटबॉल, क्रिकेट व हॉकी या खेळांतील असून त्यांची केंद्रे मुंबई व पुणे ही होत. यांपैकी बहुतेक संघ १९९६ नंतरच्या दोन-अडीच दशकांत उदयास आले आणि मावळले. खेळात पराभूत झाल्यामुळे संघ बुडाला, असे यांतील फारच थोड्यांच्या बाबतीत म्हणता येते. मालकाची आर्थिक स्थिती, त्याचे बदललेले धोरण किंवा स्पर्धाचालकांशी झालेला करार यांवरच संघाचे आयुष्य अवलंबून राहिले.

व्यावसायिक संघांपूर्वीची व्यवस्था निराळी होती. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेमुळे मुंबईस फुटबॉलची जुनी परंपरा लाभली व कुपरेज हे तिचे प्रमुख मैदान ठरले. तेथे खेळणारे टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया इ. संघ उद्योगसंस्थांचे वा सार्वजनिक उपक्रमांचे असत. खेळाडू हा त्या संस्थेचा नोकर असे. खेळण्याचे वय संपले, तरी नोकरी टिके. गिरणी बंद पडली किंवा व्यवस्थापनाचा खेळातील रस आटला, म्हणजे संघही नाहीसा होई. परंतु खेळाडूच्या चरितार्थाची सोय सहसा एकदम तुटत नसे. व्यावसायिक पद्धतीत खेळाडूचे वेतन वाढले, मात्र ते ठराविक मुदतीच्या करारापुरते उरले. संघ विसर्जित होण्याचा अर्थ यामुळे पालटला.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली. तीत महाराष्ट्राला पहिले विजेतेपद मिळवून देणारा महिंद्र युनायटेड हा संघ या दोन व्यवस्थांच्या सांध्यावर उभा होता. १९६२ मध्ये महिंद्र आणि महिंद्र या कंपनीचा क्रीडासंघ म्हणून त्याची स्थापना झाली आणि २००० मध्ये त्यास महिंद्र युनायटेड हे नाव मिळाले. कंपनी जीपगाड्या बनवीत असल्याने क्रीडावृत्तांत त्याचा उल्लेख ‘जीपमेन’ असा केला जाई. ड्युरँड चषक १९९८, २००१ व २००८ मध्ये आणि फेडरेशन चषक २००३ व २००५ मध्ये या संघाने जिंकला. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असताना २००५–०६ च्या हंगामात त्याने राष्ट्रीय लीगही जिंकली. ब्राझीलचा होझे बॅरेटो व घानाचा युसिफ याकुबू हे त्या वेळचे त्याचे नावाजलेले परदेशी खेळाडू. २००७ मध्ये हा संघ आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता. असे असता मार्च २०१० मध्ये कंपनीने चालू हंगामाअखेर संघ विसर्जित करण्याचे जाहीर केले. मोठ्यांच्या संघाऐवजी शालेय व तरुण खेळाडूंच्या स्पर्धांकडे लक्ष पुरवावयाचे, असे त्यामागील धोरण सांगण्यात आले. संघ त्या वेळी दुबळा नव्हता, कर्जबाजारीही नव्हता. देशात अग्रगण्य असलेला संघ केवळ एका धोरणात्मक निर्णयाने नाहीसा होऊ शकतो, हे या प्रसंगाने प्रथमच ठळकपणे दिसून आले.

यानंतरच्या घटना झपाट्याने घडल्या. २०१२ च्या ड्युरँड चषकाचा अंतिम सामना एअर इंडिया व डॉडसल या मुंबईच्याच दोन संघांत झाला आणि एअर इंडियाने तो पेनल्टी फटक्यांवर जिंकला. एकाच शहराचे दोन संघ देशातील सर्वांत जुन्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उतरावेत, हे त्या शहरातील खेळाच्या भरभराटीचे लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात वर्षभरातच त्यांपैकी एकही राष्ट्रीय लीगमध्ये उरला नाही. क्लब-परवान्याचे निकष पुरे न केल्याच्या कारणावरून २०१३ मध्ये एअर इंडियास आय-लीगमधून (राष्ट्रीय फुटबॉल लीगची २००७ नंतरची आवृत्ती) वगळण्यात आले. हे निकष स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व, मैदान, युवा संघ इ. बाबींसंबंधीचे असून कार्यालयीन संघास त्यांची पूर्तता करणे स्वभावतःच अवघड होते. डॉडसलने मुंबई टायगर्स हे नाव घेऊन लीगमध्ये थेट प्रवेशाचा प्रयत्न केला. तो फसला आणि संघ बंद झाला.

मैदानावरील पराभवामुळे गळालेला संघ म्हणून मुंबई एफसी या संघाचा निर्देश करता येईल. एस्सेल समूहाने तो २००७ मध्ये स्थापन केला आणि २००८ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून तो आय-लीगमध्ये आला. कुपरेजचे नूतनीकरण चालू असताना त्यास घरचे सामने पुण्यास बालेवाडी येथे खेळावे लागले. स्वतःच्या शहरात प्रेक्षकवर्ग जमविण्याचे महत्त्वाचे हंगाम त्यामुळे वाया गेले. अल्प खर्चात संघ तगवून धरण्याचे श्रेय अनेक वर्षे प्रशिक्षक असलेल्या खालिद जमील यांस द्यावे लागते. २०१६ मध्ये ते संघापासून दूर झाले. पुढच्याच, म्हणजे २०१६–१७ च्या हंगामात मुंबई एफसी तळाला गेला व द्वितीय श्रेणीत उतरला. त्याच हंगामात जमील यांच्या मार्गदर्शनाखाली मिझोरामच्या ऐझॉल संघाने विजेतेपद मिळविले. द्वितीय श्रेणीत उतरलेला संघ पुन्हा वर येऊ शकतो. तथापि मालकांनी तो पुढे चालविला नाही.

पुण्याचा अनुभव याहून तीव्र आहे. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापिलेला पुणे एफसी हा संघ २००९ मध्ये आय-लीगमध्ये आला. पहिल्याच हंगामात तो तिसरा व २०१२–१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा आला. त्याची खरी कामगिरी मात्र युवा विभागात होती. मामुर्डी येथील त्याच्या अकादमीच्या मुलांनी वयोगटाची राष्ट्रीय लीग एकाहून अधिक वेळा जिंकली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही फ्रँचायझी पद्धतीची स्पर्धा सुरू झाली आणि आय-लीगच्या संघांकडे असलेले प्रायोजकांचे व दूरचित्रवाणीचे लक्ष तिकडे वळले. गोव्यातही याचे पडसाद उमटले व २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. पुणे एफसीचा मुख्य संघ त्यापूर्वीच, २०१५ मध्ये बंद झाला होता. त्याची अकादमी पुढे एफसी पुणे सिटी या नव्या संघाने घेतली. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसी हा संघ अवघा एक हंगाम खेळून थांबला. तो त्या हंगामात तळाला होता हे खरे. परंतु थेट प्रवेश मिळालेल्या संघास द्वितीय श्रेणीत उतरविले जाणार नव्हते, म्हणून त्याच्या माघारीचे कारण क्रमवारीत शोधता येत नाही. पुण्यातील शिवाजियन्स हा स्थानिक संघ डीएसके समूहाच्या आश्रयाने २०१५–१६ मध्ये आय-लीगमध्ये आला. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या सहकार्याने त्याची अकादमीही निघाली. दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, तोही लीगबाहेर पडला.

एफसी पुणे सिटी हा राज्यातून सरळ स्थलांतर झालेला संघ होय. फ्रँचायझी म्हणजे विशिष्ट शहराच्या नावे स्पर्धेत संघ उतरविण्याचा, स्पर्धाचालकांकडून शुल्क भरून मिळविलेला हक्क. जुन्या क्लबाला सभासद असतात, घटना असते, क्वचित स्वतःची जागाही असते. फ्रँचायझीला करार असतो. २०१७–१८ मध्ये हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला व तेथे बंगळूरूकडून हरला. पुढे वाधवान या मालक-समूहाची आर्थिक स्थिती ढासळली आणि २०१९ मध्ये फ्रँचायझी नव्या मालकांकडे जाऊन हैदराबादेस हलविण्यात आली. हैदराबाद एफसीने २०२१–२२ ची स्पर्धा जिंकली. पुण्याच्या नोंदीत अर्थातच त्या विजेतेपदाला स्थान नाही. स्थलांतराने आलेला संघ स्थलांतरानेच जाऊ शकतो, याचा प्रत्यय हैदराबादलाही आला. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीस गेला. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स व एफसी पुणे सिटी हे चारही संघ बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळत व चारही २०१५ ते २०१९ या काळात तेथून नाहीसे झाले. एका संघाचा चाहता दुसऱ्याकडे वळावा, इतकाही अवधी त्यास मिळाला नाही.

हॉकीतील संघांचे आयुष्य स्पर्धांबरोबरच संपले. प्रीमियर हॉकी लीगमधील (२००५–०८) मराठा वॉरियर्स, २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीतील मुंबई मरीन्स व पुणे स्ट्रायकर्स, तसेच हॉकी इंडिया लीगमधील मुंबई मॅजिशियन्स (२०१३–१४) व त्यानंतरचा दबंग मुंबई (२०१५–१७) हे संघ त्यांत येतात. वर्ल्ड सिरीज हॉकी एकाच हंगामात आटोपली.

क्रिकेटमध्ये पैशाची वाण नसताही हेच घडले. इंडियन क्रिकेट लीग या बंडखोर स्पर्धेतील मुंबई चॅम्प्स या संघाला (२००७) नियामक मंडळाच्या विरोधामुळे मोठी मैदाने मिळाली नाहीत. नावात मुंबई असून पहिल्या हंगामातील त्याचे सामने पंचकुला येथे झाले. ही स्पर्धा २००९ मध्ये बंद पडली. सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर बोलीस घेतलेला पुणे वॉरियर्स इंडिया हा संघ इंडियन प्रीमियर लीगचे तीन हंगाम (२०११–१३) खेळला. ठरल्यापेक्षा सामने कमी मिळत असल्याने शुल्क कमी करावे, अशी मालकांची मागणी होती. वाद चिघळला, मंडळाने बँक-हमीची रक्कम वसूल केली, पुढील हमी दिली गेली नाही आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये करार रद्द झाला. मैदानावर संघ सामान्यच होता. ख्रिस गेलच्या नाबाद १७५ धावा याच संघाविरुद्ध निघाल्या (२०१३) आणि क्रिकेटच्या नोंदपुस्तकांत संघाचे नाव मुख्यतः त्या निमित्ताने येते.

रायझिंग पुणे सुपरजायंट्स हा संघ तर मुदतीसहच जन्मास आला. चेन्नई व राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आल्याने रिकाम्या झालेल्या जागांपैकी एक त्याने भरली. केंद्रीय उत्पन्नातील वाटा न घेता उलट मंडळासच वर्षाला १६ कोटी रुपये देण्याची त्याची उणे बोली स्वीकारली गेली. २०१६ मध्ये राज्यात तीव्र दुष्काळ होता. खेळपट्ट्यांसाठी लागणाऱ्या पाण्याच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला (१ मेच्या पुण्यातील सामन्यास तेवढी सवलत मिळाली) आणि संघाचे उरलेले घरचे सामने विशाखापट्टनमला गेले. २०१७ मध्ये नावातील अनेकवचन गाळून तो ‘सुपरजायंट’ झाला, महेंद्रसिंग धोनीच्या जागी स्टीव्ह स्मिथ कर्णधार आला आणि संघ अंतिम सामन्यात पोहोचला. २१ मे २०१७ रोजी हैदराबाद येथे मुंबई इंडियन्सच्या १२९ धावांना उत्तर देताना तो १२८ वर थांबला. एका धावेने हुकलेले हे विजेतेपद मिळाले असते, तरी संघ टिकला नसता. त्याची दोन वर्षे पुरी झाली होती. त्याच्या मालक-समूहाने २०२१ मध्ये ७,०९० कोटी रुपयांस लखनौची फ्रँचायझी घेतली आणि तिचे नाव लखनौ सुपर जायंट्स असे ठेवले.

गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान या दोन्ही संघांचे घर होते. २०१८ मध्ये कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्ज या संघाचे घरचे सामने तेथे हलविण्यात आले. त्यांपुरते पुणे हे चेन्नईचे घर झाले.