घरभाड्याचा हिशेब : एक स्वतंत्र वही



धान्याच्या पेढीवर एका वक्कलाचे गहू दुसऱ्या वक्कलात मिसळणारा दिवाणजी फार दिवस टिकत नाही. प्रत्येक गाडीची हमाली, तोलाई व अडत निराळी लिहिली जाते आणि रात्री रोजकीर्दीचा मेळ बसल्याखेरीज दिवा मालवला जात नाही. परंतु हीच आपली मंडळी घराच्या चार खोल्या भाड्याने देतात, तेव्हा त्या पैशाला वही नसते. भाडे दुकानाच्या गल्ल्यात पडते, घरपट्टी घरखर्चातून जाते, आणि गवंड्याची मजुरी ज्याच्या हाती पैसे असतील तो देतो. वर्षाअखेरीस त्या घराने काय मिळवून दिले असे विचारल्यास कोणालाही सांगता येत नाही.

या बेफिकिरीची किंमत आमच्या घराने मोजली आहे. आमच्या तीर्थरूपांनी वाड्यामागील खोल्यांत एका प्राथमिक शिक्षकाचे बिऱ्हाड ठेवले होते. तीर्थरूपांच्या पश्चात, १९९८ साली, मास्तरांनी खोली सोडली व आपली दोन हजारांची अनामत मागितली. पावती त्यांच्यापाशी नव्हती, आणि आमच्या वहीत अनामत खातेच नव्हते. आम्ही भावांनी ‘नोंद नाही’ एवढेच उत्तर दिले. मास्तर एक शब्दही न बोलता निघून गेले. सहा वर्षांनी माळ्यावरील जुनी दफ्तरे झाडताना १९८४ च्या दुकानाच्या रोजकीर्दीत, परचुरण खात्यात, ती रक्कम मास्तरांच्या नावाने जमा सापडली. आम्ही त्यांचे घर शोधीत गेलो, तोपर्यंत मास्तर निवर्तले होते. रक्कम व्याजासह त्यांच्या मुलाच्या हाती दिली. परंतु ज्यांना आम्ही खोटे ठरविले, त्यांच्याजवळ क्षमा मागणे राहूनच गेले. नोंद होती, पण ती आपल्या जागी नव्हती. प्रस्तुत लेख त्या अनुभवातून लिहीत आहोत.

पहिली गोष्ट ही की, घरभाड्याची वही दुकानापासून सर्वस्वी अलग असावी, आणि शक्य तर बँकेतील खातेही अलग असावे. वहीत प्रत्येक खोलीस किंवा घरास स्वतंत्र पान द्यावे. पानाच्या शिरोभागी बिऱ्हाडकरूचे नाव, प्रवेशाची तारीख, कराराची मुदत, ठरलेले भाडे, अनामत आणि प्रवेशाच्या दिवशीचा वीजमीटरचा आकडा लिहावा. नोंदणी अधिनियम १९०८ अन्वये एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून मुदतीची तारीख डोळ्यांसमोर असणे अगत्याचे आहे. भाडे ज्या महिन्याचे असेल त्या महिन्यापुढे लिहावे व मिळाल्याची तारीख बाजूस टिपावी. असे केल्याने थकबाकी शोधावी लागत नाही. खोली रिकामी राहिली तर ‘रिकामी’ असे स्पष्ट लिहावे. कोरी जागा पुढे संशय उत्पन्न करते.

दुसरी गोष्ट अनामतीची. परत करावयाची अनामत हे उत्पन्न नव्हे. ते आपल्यावरील देणे आहे. ती भाड्यात कधीही मिसळू नये. अनामत वीस हजार किंवा त्याहून अधिक असल्यास ती रोखीने घेऊ नये व रोखीने परतही करू नये. धनादेशाने किंवा बँकेमार्फतच व्यवहार करावा. आयकर कायद्याचा तसा निर्बंध आहे, आणि बँकेची नोंद दोन्ही पक्षांचा साक्षीदार ठरते. भाड्याची पावती स्थळप्रतीसह द्यावी. रोख रक्कम पाच हजारांवर असेल तर पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावावे.

तिसरी गोष्ट खर्चाची. खर्चाची खाती चार करावीत : घरपट्टी, कर्जाचे व्याज, दुरुस्ती आणि सुधारणा. असे विभाग का करावयाचे, हे करआकारणीच्या रीतीवरून ध्यानी येईल. समजा, एका घराचे भाडे दरमहा १२,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १,४४,००० रुपये आहे. त्यातून मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली ६,००० रुपये घरपट्टी वजा जाता १,३८,००० उरतात. या रकमेवर सरसकट ३० टक्के, म्हणजे ४१,४०० रुपये, वजावट मिळते. उरले ९६,६००. घरासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज ३६,००० असल्यास तेही वजा होऊन करपात्र रक्कम ६०,६०० रुपये राहते. १ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या आयकर अधिनियम २०२५ मध्येही ही ३० टक्क्यांची वजावट कायम आहे. घरपट्टी थकविली तर त्या वर्षी वजावट नाही. म्हणून तिची पावती जपावी.

येथे कोणी म्हणेल, दुरुस्तीची वेगळी वजावट मिळत नाही, मग ती लिहावी कशाला? उत्तर असे की, वही केवळ सरकारासाठी लिहावयाची नसते. तीस टक्क्यांहून अधिक रक्कम दरसाल कौले शाकारण्यात व नळ बदलण्यात जात असेल, तर ते घर आपणास पोसते की आपण त्यास पोसतो, हे वहीच सांगेल. सुधारणेची गोष्ट याहून निराळी आहे. नवी खोली बांधली किंवा मजला चढविला, तर तो खर्च पुढे घर विकताना नफा काढण्याच्या वेळी उपयोगी पडतो. त्याची बिले घर आपल्या मालकीचे असेपर्यंत व विक्रीनंतरही काही वर्षे सांभाळावीत. भाडेकरूने कायद्याप्रमाणे कर कापून भाडे दिले, तर पूर्ण भाडे जमा धरून कापलेली रक्कम निराळी दाखवावी. केवळ हाती आलेली रक्कम लिहू नये.

चौथी गोष्ट मालकीची. घर एकट्याचे आहे, दोघा भावांचे आहे, पत्नीचे आहे की एकत्र कुटुंबाचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. हिंदू वारसा अधिनियम १९५६ आपणा जैनांसही लागू आहे. म्हणून मालकाच्या पश्चात हिस्से पडताना ही वहीच बोलणार आहे. आपल्या घरांतील भगिनींनी व सुनांनीही ती वाचावी, किंबहुना लिहावी. बिऱ्हाडकरूंशी नित्याचा संबंध त्यांचाच असतो.

पूर्वी आपले हिशेबी वर्ष दिवाळीचे असे. करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून करासाठी सर्वांस एप्रिल ते मार्च हेच वर्ष आले. तरीही पाडव्यास वहीपूजन आपण सोडलेले नाही. त्या पाटावर दुकानाच्या वहीशेजारी घरभाड्याची वहीही मांडावी, अशी आमची विनंती आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन आहेत. खोटा लेख करणे हा एक, आणि दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव दाबणे हा दुसरा. मास्तरांची ठेव दाबावी असे आमच्या मनात नव्हते. तरी वहीच्या अव्यवस्थेने ते आमच्या हातून घडले. तसे इतर कोणाच्या हातून न घडो.