पदकाच्या कडेवरचं नाव

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा रूममेट गावाहून परतला, तो फराळाबरोबर एक पत्र्याची डबी घेऊन. आत काळं पडलेलं गोल पदक होतं. साताऱ्याकडच्या त्याच्या घरात सांगतात, की पणजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले आणि परत आले नाहीत. हे त्यांचं शौर्यपदक. "चांदीचं आहे, जरा चमकवू या," म्हणून त्याने टूथपावडर उघडली. माझीच. मी त्याचा हात धरला.

त्यानंतर आम्ही त्या पदकाची ओळख पटवायला बसलो. संशोधनाला निघालेल्यांनी पुरावा कसा हाताळावा, हे मला त्यात जितकं स्पष्ट दिसलं तितकं मेथडॉलॉजीच्या तासाला दिसलं नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी नोंद, मग हात

चांदीवरचा काळा थर हा मुख्यतः सिल्व्हर सल्फाइडचा असतो. पावडरीने घासलं की तो जातो, पण त्याबरोबर थोडी चांदीही जाते आणि उथळ अक्षरं झिजतात. म्हणजे नमुना तपासण्याआधीच आपण डेटा पुसतो. आम्ही आधी पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. फीत आणि डबी यांचीही नोंद केली. घरची गोष्ट वेगळ्या पानावर लिहिली: कोणी सांगितली, त्यांना कोणाकडून कळली. ती खोटी आहे म्हणून नाही. ऐकलेलं आणि पाहिलेलं एकाच रकान्यात नको म्हणून.

पदक कोणतं?

एका बाजूला पाचव्या जॉर्जचं मस्तक. दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न स्वार, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल, आणि १९१४ व १९१८ ही सालं. फितीला मध्ये नारिंगी पट्टा, कडांना पांढरा, काळा आणि निळा. हे ब्रिटिश वॉर मेडल. चांदीची सुमारे ६५ लाख पदकं दिली गेली. श्रमिक तुकड्यांतल्या लोकांना मिळालेली ब्राँझची पदकं सुमारे १ लाख १० हजार.

इथेच पहिला धक्का बसला. हे पदक युद्धातल्या सेवेबद्दल मिळायचं, एखाद्या पराक्रमाबद्दल नाही. भारतीय सैनिकांच्या शौर्यासाठी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिटसारखे सन्मान वेगळे होते.

कड वाचा

या पदकाची खरी माहिती कडेवर असते: सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. टॉर्च जवळजवळ आडवा धरला की सावली पडून झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. आम्हाला क्रमांक, 'सिपॉय', नाव आणि १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री एवढं वाचता आलं. आडनावाचं स्पेलिंग आजच्यासारखं नव्हतं. इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याने कानाला लागलं तसं लिहिलं असणार. म्हणून यादीत शोधताना तीन-चार स्पेलिंगं करून पाहावी लागतात.

पलटणीचं नावही तारीख सांगतं. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. त्यामुळे एखाद्या बॅजवर किंवा बटणावर हे नवं नाव असेल आणि विकणारा "पहिल्या महायुद्धातलं आहे" म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

जुनं नाव घासून नवं टाकण्याचे प्रकारही होतात. घासलं की व्यास घटतो. मूळ व्यास ३६ मिलिमीटर. व्हर्नियर कॅलिपरने चार दिशांनी मोजा आणि नावाच्या जागी कमी भरतो का ते पाहा.

घनता

आता आपला प्रांत. फीत काढून पदक दोऱ्याला टांगायचं, आधी हवेत आणि मग डिस्टिल्ड पाण्यात वजन करायचं. समजा हवेत ३१.०० ग्रॅम आणि पाण्यात २८.०० ग्रॅम भरलं. घट ३.००, म्हणून घनता साधारण १०.३. स्टर्लिंग चांदीची घनता याच्या आसपास असते, ब्राँझची ८.८ च्या आसपास. घट मोजताना ०.०५ ग्रॅमची चूक झाली तरी उत्तर १०.२ ते १०.५ मध्ये राहतं, म्हणजे फरक ओळखता येतो. पृष्ठभागावर बुडबुडा चिकटला तर मात्र घनता कमी दिसते.

आमचं पदक चांदीचं निघालं. पण या चाचणीची दिशा लक्षात घ्या. घनता ८.८ आली असती तर "चांदीचं आहे" हा दावा पडला असता. १०.३ आली म्हणून पदक अस्सल ठरत नाही. नक्कलही चांदीची ओतता येते.

काय ठरलं, काय नाही

खात्रीचं: पदकाचा प्रकार, धातू, कडेवरचं नाव आणि पलटण. संभाव्य: मेसोपोटेमिया. १०३ वी तिथे लढली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुतला शरण गेलेल्या सैन्यात ती होती. पण पलटण तिथे होती म्हणून हा शिपाई त्या दिवशी तिथे होताच, असं म्हणता येत नाही. पुराव्याविना: मृत्यू कुठे आणि कसा झाला. चुकीचं: शौर्यपदक.

संग्रह करणार असाल तर दोन गोष्टी. पदकं, कागद, डबी एकमेकांपासून तोडू नका. आणि शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. अशी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही.

'शौर्यपदक नाही' हे रूममेटच्या आजोबांना फोनवर सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी आणखी एक गोष्ट सांगितली. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं, त्याच्या दगडावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. भारतीय शिपायांची मात्र पलटणीनुसार नुसती संख्या.

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या पदकावर नाव आहे ना पण? वाच बरं परत."

मी वाचलं. टूथपावडरचा डबा अजून टेबलावरच होता.