मूल बालवाडींत केव्हां घालावें?

मृगाचा पाऊस पडूं लागून शाळा उघडल्या, कीं आपल्या हायस्कूलच्या रस्त्यावर सकाळच्या वेळीं एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. पाठीला नवें दप्तर, गळ्यांत नवी पाण्याची बाटली आणि टाचेपर्यंत लोंबणारा नवा रेनकोट, अशा थाटांत तीन वर्षांची एक स्वारी बालवाडीकडे निघालेली असते. तिचा एक हात आईच्या हातांत असतो व दुसरा हात वाटेंतील प्रत्येक खांब धरून ठेवण्याची खटपट करीत असतो. फाटक दिसतांच आकांत सुरू होतो. बाई पुढें होऊन मुलाला उचलून घेतात, आई तोंड फिरवून डोळे पुसते, आणि त्याच वाटेनें येणारे आपले विद्यार्थी हंसतात. त्यांच्या हंसण्यांत वाईट असें कांहीं नाहीं, पण परत फिरलेल्या त्या माउलीच्या मनांत त्या वेळीं एकच प्रश्न घोळत असतो, "आपण घाई तर केली नाहीं ना?" ह्या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. लेख मुख्यतः पालकांसाठीं आहे हें खरें. तथापि विद्यार्थ्यांनीं पान उलटूं नये. धाकट्या भावंडाला बालवाडींत पोंचविण्याचें काम पुष्कळ घरांतून तुमच्याकडेच असतें.

वयाचा नियम पाहूं गेल्यास तो सोपा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ह्यांत तीन ते आठ वर्षें हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानिला असून, पहिल्या इयत्तेंत जातांना मुलाला सहा वर्षें पूर्ण झालेलीं असावींत, असें धरिलें आहे. म्हणजे त्यापूर्वीचीं तीन वर्षें बालवाडीचीं. हा आंकडा कोणास कचेरींत बसून अचानक सुचलेला नव्हे. जर्मनींत फ्रोबेल ह्यानें लहान मुलांच्या शाळेस १८४० मध्यें 'मुलांची बाग' अशा अर्थाचें नांव दिलें. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तींत डॉ. मारिया मॉंटेसरी ह्यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तीन वर्षांच्या सुमाराचें मूल घराबाहेर कांहीं वेळ आनंदानें राहूं शकतें, हा अनुभव तेव्हांपासून देशोदेशीं येत गेला आहे. परंतु ह्यांतील 'सुमारास' हा शब्द विसरून चालत नाहीं. जन्माचा दाखला सर्व मुलांना ठरल्या तारखेस तीन वर्षांचीं करितो; मुलें मात्र ठरल्या तारखेस तयार होत नाहींत.

मग तयारी ओळखावी कशावरून? आईपासून दूर होण्याची भीति साधारणतः आठव्या महिन्याच्या पुढें दिसूं लागते, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ती फार तीव्र असते, आणि पुढें हळूहळू ओसरते. दिसेनाशी झालेली आई नाहींशी झालेली नसते, ती परत येते, हें मुलाला अनुभवानें कळूं लागतें, म्हणून ती ओसरते. बालवाडीस लागणारें मुख्य ज्ञान तें हेंच. त्याची परीक्षा घरच्या घरीं सहज घेतां येते. मूल आजीपाशीं किंवा शेजारच्या काकूंकडे दोन-तीन तास राहतें काय? तेथें पडलें, खरचटलें, तर काकूंच्या कुशींत शिरून शांत होतें काय? तहान, भूक, शू-शी हें परक्या माणसाला समजेल अशा रीतीनें, शब्दानें वा खुणेनें, सांगतें काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असतील, तर फाटकाशीं तें रडलें तरी खुशाल पाठवावें. डब्याचें झांकण उघडतां येणें, आपल्या चपला ओळखून घालतां येणें, नाडीची गांठ सोडतां येणें, ह्या गोष्टी असल्यास उत्तमच. (नाडीऐवजीं इलॅस्टिकची चड्डी शिवून घेतली, तर त्यांतील एक प्रश्न शिंपीच सोडवून देतो.) मात्र मूल इतरांत मिसळत नाहीं, खेळणें वांटून घेत नाहीं, एवढ्यावरून त्यास कच्चें ठरवूं नये. अडीच-तीन वर्षांचीं मुलें बहुधा एकमेकांशेजारीं बसून आपापला खेळ खेळतात. एकत्र मिळून खेळणें मागून येतें, आणि तें तर बालवाडींतच शिकावयाचें असतें.

बोलण्यांत फार मागें असलेल्या मुलाची गोष्ट निराळी. तीन वर्षांचें मूल सामान्यतः तीन-चार शब्दांचें वाक्य बोलूं लागलेलें असतें, व त्याचें बरेचसें बोलणें परक्यासही कळतें. तसें नसल्यास "आमच्याकडे सगळेच उशिरां बोलतात" असें म्हणून वर्ष दवडूं नये. प्रथम डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. अशा मुलाला घरीं बसविणें हा उपाय नव्हे. बालवाडीची गरज त्याला पुष्कळदां इतरांहून अधिक असते.

एवढें सर्व लिहिण्याचा अधिकार मला माझ्या एका चुकीनें मिळाला आहे. माझी थोरली मुलगी अडीच वर्षांची असतांना घरीं दुसरें बाळ आलें. घरांत बाळंतीण, पाहुण्यांची ये-जा, आणि ही दिवसभर पायांत पायांत घोटाळणारी. हिला चार तास शाळेंत घालूं, म्हणजे घर जरा शांत होईल, असा विचार करून बारशाच्या दुसऱ्याच आठवड्यांत मीं तिला जवळच्या एका बालवाडींत नेऊन बसविलें. पहिले दोन दिवस ती रडली; तिसऱ्या दिवशीं रडणें थांबलें. "फार शहाणी आहे हो तुमची मुलगी, एका जागीं बसून राहते, कांहीं म्हणून त्रास नाहीं," असें तेथील बाई म्हणाल्या, आणि मला धन्यता वाटली. महिन्याभरानें पत्नीनें माझ्या लक्षांत आणून दिलें, कीं मुलगी घरींही बोलेनाशी झाली आहे. डबा जसाच्या तसा परत येत आहे. आणि चड्डी ओली करण्याची संवय मोडून चार महिने झाले होते, ती पुन्हा लागली आहे. एके दिवशीं सकाळीं मी दप्तर भरीत होतों, तेव्हां तिनें बाळाचें दुपटें आणून त्या दप्तरावर टाकलें आणि म्हणाली, "ह्याला ने." त्या दोन शब्दांत तिची सारी तक्रार आली. आपल्याला शाळेंत घातलें, असें तिला वाटतच नव्हतें. आपली जागा बाळाला देऊन आपल्याला घराबाहेर काढलें, अशी तिची समजूत झाली होती. आम्हीं तिला काढून घेतलें आणि पुढच्या जूनमध्यें दुसऱ्या बालवाडींत पाठविलें. त्या वेळीं ती चांगली आठ दिवस रडली. पण रडून झालें, कीं बाईंच्या मांडीवर जाऊन बसत असे. तिचें तें रडणें ऐकून मला हायसें वाटलें, असें सांगितलें तर कित्येकांस नवल वाटेल.

गप्प मूल म्हणजे रुळलेलें मूल, ही समजूत माझी एकट्याची नव्हती. लंडन येथें जेम्स रॉबर्टसन ह्यांनीं १९५२ मध्यें अडीच वर्षांच्या एका मुलीविषयीं चित्रपट तयार केला. लहानशा शस्त्रक्रियेसाठीं ती आठ दिवस रुग्णालयांत होती, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणें आईबापांना तिच्याजवळ राहण्याची मोकळीक नव्हती. मुलगी फारसा आरडाओरडा करीत नाहीं, मोठ्या संयमानें वागते. पण आई भेटीस आली असतां तिच्याकडे झेपावण्याऐवजीं तोंड फिरविते. हा चित्रपट पाहून आरंभीं बरीच डॉक्टरमंडळी रागावली. पुढें १९५९ मध्यें मात्र तेथील सरकारी समितीनेंच, आईबापांना रुग्णालयांत मुलांजवळ येण्याची मुभा असावी, अशी शिफारस केली. बालवाडींतलें मूल दुपारीं घरीं येतें, तेव्हां ही तुलना पुरती जुळत नाहीं, हें मी जाणतों. तथापि बाईंना काय विचारावें, हें तिच्यावरून कळतें. "आज रडला का?" असें विचारण्यांत फारसें हंशील नाहीं. "रडल्यावर कोणाकडे गेला?" असें विचारावें. निरोपाच्या वेळीं रडून पांच-दहा मिनिटांत खेळास लागणारें मूल ठीक आहे. उलटपक्षीं, तीन-चार आठवडे लोटले तरी जें खात नाहीं, बोलत नाहीं, रात्रीं दचकून उठतें, तें काढून घ्यावें. ह्यांत कोणाचाही कमीपणा नाहीं. सहा महिन्यांनीं तेंच मूल निराळें असतें.

आतां पुष्कळ पालक ज्याला तयारी म्हणतात, तिच्याविषयीं. इंग्रजी मुळाक्षरें, शंभरपर्यंत अंक, पांच फळें, पांच रंग, आणि नांव विचारतांच ताठ उभें राहून इंग्रजींत उत्तर, अशी तालीम दोन वर्षांच्या मुलांना दिलेली मीं पाहिली आहे. ही तालीम मुलाखतीसाठीं असते. प्रा. यशपाल ह्यांच्या समितीनें १९९३ च्या अहवालांत, बालवर्गाच्या प्रवेशासाठीं चांचण्या व मुलाखती घेण्याची प्रथा बंद करावी, असें स्पष्ट म्हटलें होतें. तरी ती कांहीं ठिकाणीं मागल्या दारानें चालूच राहिली. माझ्या मतें, तीन वर्षांच्या मुलाला आंब्याचें इंग्रजी नांव येण्यापेक्षां "बाई, मला शू लागली" हें सांगण्याचें धैर्य असणें ही फार मोठी विद्या आहे. घरीं मराठी बोलणारें मूल, जेथें हें वाक्य बाईंना कळत नाहीं, किंवा कळलें तरी चालत नाहीं, अशा वर्गांत नेऊन बसविलें, तर तें तयार असूनही अडून राहतें. मग लोक म्हणतात, मूल कच्चें आहे.

मूल शाळेस तयार आहे कीं नाहीं, हें सर्वच विचारतात. शाळा मुलास तयार आहे कीं नाहीं, हें कोणी विचारावें? आपल्या महाराष्ट्रांत हा प्रश्न ताराबाई मोडक ह्यांनीं हातीं घेतला. गिजुभाई बधेका ह्यांच्यासह भावनगर येथें काम केल्यावर, १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेंत त्यांचा पुढाकार होता. आणि १९४५ मध्यें त्या तेव्हांच्या ठाणें, आतांच्या पालघर, जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं खेड्यांतील मुलांसाठीं काम करूं लागल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां 'हीं मुलें शाळेस योग्य नाहींत' असा निकाल न देतां त्यांनीं बालवाडीच वस्तींतल्या अंगणांत नेली. महाग उपकरणांच्या जागीं शिंपले, खडे, बिया व पानें आलीं. अगोदर अंघोळ व वेणीफणी, मग गाणीं आणि खेळ. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरविण्यांत आली. आणि धाकटें भावंड कडेवर असल्यामुळें ज्या मुलींना शाळेंत येतां येईना, त्यांच्यासाठीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणण्यांत आली. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेंच नांव मिळालें.

म्हणून बालवाडी पाहावयास जाल, तेव्हां भिंतीवरील रंगीत चित्रांकडे थोडें कमी पाहावें. बाई मुलांशीं बोलतांना खालीं बसतात कीं उभ्यानेंच बोलतात, एका बाईकडे किती मुलें आहेत, मोरी मुलांच्या उंचीची व कोरडी आहे काय, पहिले कांहीं दिवस आईला किंवा आजीला आंत बसूं देतात काय, हें पाहावें. ज्या घरीं आईबाप दोघेही कामावर जातात व पाठीशीं आजी नाहीं, तेथें केव्हां पाठवावें, हा प्रश्नच उरत नाहीं. मूल वर्षाचें असतांनाही पाळणाघर शोधावें लागतें. अशा पालकांना दोष देणारे दोष देऊन मोकळे होतात. त्या पालकांनीं एवढेंच पाहावें, कीं मुलें थोडीं असावींत, आणि सांभाळणारी बाई दर महिन्यास बदलणारी नसावी.

आतां विद्यार्थीमित्रांकडे वळतों. धाकट्या भावानें हट्ट धरला, कीं "थांब, तुला शाळेंतच घालूं," अथवा "बाई छडीनें मारतात हां," असें तुमच्यापैकीं बहुतेक ताई-दादांनीं म्हटलेलें असेल. वडील मंडळीही म्हणतात. तुमच्या लेखीं ती थट्टा. परंतु जूनमध्यें त्याच शाळेच्या फाटकाशीं तो खांब धरून उभा राहतो, तेव्हां तुमचेंच बोलणें त्याला आठवत असतें. त्याऐवजीं मे महिन्यांत एखाद्या सायंकाळीं त्याला ती इमारत बाहेरून दाखवून आणा. त्याची नवी बाटली त्यालाच उघडावयास द्या. आणि पोंचविण्याचें काम तुमच्याकडे असेल, तर त्याचें लक्ष दुसरीकडे आहे असें पाहून गुपचूप निसटूं नका. त्यानें एक दिवस रडें टळतें, पण दुसऱ्या दिवसापासून तो तुमच्यावरची नजर क्षणभरही काढीत नाहीं. सांगून निघावें. त्याला घड्याळ कळत नाहीं, म्हणून "बारा वाजतां येतों" असें म्हणण्यांत अर्थ नाहीं; "गाणीं होतील, मग डबा खाल, मग हात धुवाल, कीं मी आलोंच," असें सांगावें, आणि हात धुवून होण्यापूर्वींच फाटकाशीं येऊन उभें राहावें.