आंतरराष्ट्रीय शाळेतील पहिली नोकरी आणि मराठीचा पदवीधर

आपल्या विभागातून एम्. ए. होऊन बाहेर पडणारे बरेच विद्यार्थी अलीकडे एकच अडचण घेऊन भेटावयास येतात. मुंबई-पुण्याकडील आंतरराष्ट्रीय म्हणविणाऱ्या शाळांत मराठीच्या शिक्षकांच्या जागा निघतात. परंतु जाहिरातीत बहुधा ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’ ही अट असते. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, अशा कोंडीत सापडलेला उमेदवार अखेर शिकवण्यांवर दिवस काढतो. या कोंडीचा उलगडा काही अंशी भाषाशास्त्रात आहे, आणि तिच्या दोषाचा काही भाग आपल्या अभ्यासक्रमाकडे येतो, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आंतरराष्ट्रीय शाळा ही संज्ञा प्रथम नीट पाहिली पाहिजे. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ साली जिनीव्हा येथे निघालेली शाळा ही या प्रकारच्या आद्य शाळांपैकी एक होय. त्याच शहरात १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे संक्षेपाने आय. बी., ही संस्था स्थापन झाली. केंब्रिजच्या परीक्षामंडळाची आय. जी. सी. एस. ई. ही परीक्षा १९८८ पासून सुरू झाली. देशोदेशी हिंडणाऱ्या आईबापांच्या मुलांची शाळा बदलली तरी अभ्यास तुटू नये, हा या खटाटोपाचा मूळ उद्देश. आपल्याकडे कोडाईकनाल येथील शाळा १९०१ साली निघाली ती मिशनऱ्यांच्या मुलांसाठी. पुण्याजवळ मुळशी खोऱ्यात १९९७ पासून चालणाऱ्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजात अनेक देशांची मुले खरोखरच एकत्र राहतात. परंतु मुंबई-पुण्यातील बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळांत आज जी मुले बसतात ती मुख्यतः भारतीय कुटुंबांतीलच. घरी गुजराती, सिंधी, तमिळ, हिंदी किंवा निव्वळ इंग्रजी बोलणारी. आणि ज्यांची मराठी आजीपुरती उरली आहे अशी मराठी घरांतील मुलेही त्यांत पुष्कळ.

या शाळांना मराठीचा शिक्षक हवा झाला तो प्रामुख्याने कायद्यामुळे. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सर्व शाळांत, त्या कोणत्याही परीक्षामंडळाशी संलग्न असोत, मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा अधिनियम संमत केला. २०२०-२१ या वर्षापासून पहिली व सहावी या इयत्तांत त्याचा आरंभ होऊन पुढे एकेक इयत्ता चढत जावी, अशी योजना होती; आणि उल्लंघनास एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला. सक्तीने भाषेवर प्रेम जडते की नाही, हा वाद येथे नको. आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच की ज्या शाळांच्या दारात मराठीच्या पदवीधराला पूर्वी कोणी उभे केले नसते, तेथे त्याच्यासाठी एक खुर्ची मांडली गेली. मात्र त्या खुर्चीवर बसणाऱ्याने काय करावयाचे आहे, याची पुरेशी कल्पना शाळेलाही नसते आणि आपल्या विद्यार्थ्यालाही नसते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेने मराठीच्या शिक्षकाची निवड करताना मला तज्ज्ञ म्हणून बोलाविले होते. या शाळांत मुलाखतीबरोबर प्रत्यक्ष वर्गावर एक पाठ घ्यावा लागतो, आणि निवड बहुधा त्या पाठावरच ठरते. वर्ग सहावीचा, मुले अठरा. पहिला उमेदवार आमचाच विद्यार्थी, प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेला. त्याने फळ्यावर विभक्तीचा तक्ता काढला आणि प्रत्यय म्हणून दाखविले. एका मुलीने विचारले, ‘घर, घरात, मग शाळा, शाळात का नाही?’ तो म्हणाला, ‘तसा नियम आहे.’ मुलगी खाली बसली. पुढे तासभर कोणीही काही विचारले नाही. दुसरी उमेदवार एका बालवाडीत दोन वर्षे काम केलेली बाई. तिने पिशवीतून जेवणाचा डबा काढून मेजावर ठेवला व मुलांना बोलते केले. एक मुलगा म्हणाला, ‘मीने डबा खाल्ला.’ बाईंनी त्याला चूक म्हटले नाही. ‘हो का? तू डबा खाल्लास? मीसुद्धा डबा खाल्ला. आणि हिने काय खाल्ले?’ असे म्हणत तेच वाक्य चार-पाच तोंडी फिरविले. तास संपण्यापूर्वी तो मुलगा आपण होऊन ‘मी खाल्ला’ म्हणू लागला होता. नेमणूक बाईंची झाली. मीही तिलाच मत दिले, आणि घरी परतताना मला आमच्या विद्यार्थ्यापेक्षा स्वतःचाच राग अधिक आला होता.

कारण असे की त्या दोन्ही प्रसंगांचे मर्म आमच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवे होते. हिंदीत कर्त्याला ‘ने’ लागतो तो ‘मैं’लाही लागतो. मराठीत तो ‘त्याने’, ‘तिने’ येथे दिसतो. ‘मी’ आणि ‘तू’ मात्र कोरे राहतात. हिंदी घरातील मुलाने ‘मीने’ म्हणणे हा अडाणीपणा नव्हे. एका भाषेचा नियम त्याने दुसरीत प्रामाणिकपणे चालविलेला असतो. जुन्या मराठीत ‘म्यां’, ‘त्वां’ अशी निराळी रूपे होतीच. म्हणजे त्या मुलाने भाषेच्या इतिहासात बुजलेली एक जागा नकळत उकरली म्हणावयाची! शाळेचेही तसेच. मराठीत प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि ‘शाळा’सारख्या आकारान्त स्त्रीलिंगी शब्दात अन्त्य ‘आ’चा ‘ए’ होतो. हिंदीत तसल्या स्त्रीलिंगी शब्दाचे एकवचनी रूप प्रत्ययापुढेही बदलत नाही, म्हणून हिंदी भाषक मूल ‘शाळामध्ये’ म्हणते. तेच मूल ‘पाणी चांगला आहे’ म्हणते, कारण त्याच्या घरी पाणी पुल्लिंगी आहे आणि नपुंसकलिंग मुळी नाहीच.

पुढे पाहिले तर मौज वाढते. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांतला भेद हिंदी वा इंग्रजी भाषक मुलाला महिनोन् महिने सापडत नाही. परंतु गुजराती आणि तमिळ मुलाला तो पहिल्याच दिवशी कळतो, कारण त्यांच्या भाषांत ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून अशी दोन निरनिराळी सर्वनामे आहेत. ‘ळ’चेही तसेच आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील दोन निराळे ‘च’ तर लिपीत दिसतच नाहीत. ते कानांनीच शिकवावे लागतात. सारांश, एकाच वर्गातील अठरा मुले अठरा चुका करीत नसून चार-पाच भाषांचे नियम तेथे एकमेकांशी झगडत असतात. कॉर्डर याने १९६७ साली चुकांचे महत्त्व मांडले आणि सेलिंकर याने १९७२ मध्ये अंतरिम भाषेची कल्पना पुढे आणली, ते हेच. या दोघांची नावे आमचे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. त्यांचा मराठीशी संबंध लावून द्यावा, हे आम्हांला सुचले नाही.

शाळांची परिभाषा आता या विवेचनाच्या उजेडात वाचावी. आय. बी.च्या माध्यमिक टप्प्यात भाषेचे दोन वर्ग मानले आहेत: ज्या भाषेत मूल साहित्य वाचू शकते ती, आणि जी ते नव्याने संपादन करीत आहे ती. दुसऱ्या वर्गासाठी सहा पायऱ्या ठरविल्या आहेत आणि श्रवण, वाचन, भाषण व लेखन अशा चार अंगांनी मूल्यमापन होते. एकाच इयत्तेत एक मूल पहिल्या पायरीवर आणि शेजारचे चौथ्या पायरीवर असू शकते. मुलाखतीत ‘आपण ज्ञानेश्वरीवर प्रबंध लिहिला आहे का’ असे कोणी विचारीत नाही. ‘पहिल्या पायरीवरील मुलाला तुम्ही पहिल्या आठवड्यात काय ऐकवाल’ असे विचारतात. जो उमेदवार येथे शांतपणे सांगू शकेल की प्रथम डबा, वही, पाणी या वस्तू, मग ‘दे’ आणि ‘घे’, सामान्यरूपाचा नियम नंतर. आणि वर्गात हिंदी घरची मुले किती व गुजराती घरची किती हे आधी पाहीन, त्याच्यापाशी दोन वर्षांचा दाखला नसला तरी समिती कान टवकारते. अनुभवाची अट ही पुष्कळदा भीतीची अट असते: नवखा मनुष्य वर्गात गडबडेल ही ती भीती. ती भीती घालविणारा पुरावा दाखल्याखेरीज अन्य मार्गानेही देता येतो.

दुसरी अट याहून अधिक घातक आहे. जाहिरातीत ‘भाषा जन्मजात येणारा’ शिक्षक मागतात. ही मागणी इंग्रजीच्या बाजारातून आली आहे. दक्षिण कोरियात इंग्रजीच्या शिक्षकांचा परवाना मुळात सात देशांच्या नागरिकांपुरता राखलेला होता. भारताशी झालेल्या आणि २०१० पासून अमलात आलेल्या आर्थिक करारामुळे भारतीयांना साहाय्यक शिक्षक म्हणून त्यात वाट मिळाली. जन्म हीच शिकविण्याची पात्रता, हा समज फिलिपसन याने १९९२ साली भ्रम म्हणून उघडा पाडला. आणि जो स्वतः ती भाषा प्रयत्नाने शिकला आहे तो तिच्यातील खाचखळगे अधिक जाणतो, असे मेजेश या हंगेरियन अभ्यासकाने त्याच सुमारास दाखवून दिले. मराठीच्या बाबतीत हा भ्रम निराळे रूप घेतो. खानदेशातून आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीला एका शाळेत ‘तुमची मराठी शुद्ध वाटत नाही’ असे तोंडावर सांगण्यात आले. तिची प्रमाण मराठी निर्दोष होती. फक्त तिचा हेल पुण्याचा नव्हता. वस्तुतः प्रमाण मराठी ही तिने शाळेत बसून, एकेक रूप जाणीवपूर्वक पारखून मिळविलेली भाषा. जे त्या वर्गातील प्रत्येक मुलाला करावयाचे होते तेच तिने लहानपणी केलेले होते. तिच्याहून योग्य उमेदवार मिळणे कठीण होते. शाळेला हे कोणी सांगितले नाही, आणि तिलाही ते मुलाखतीत सांगता आले नाही, कारण आपल्या बोलीकडे गुण म्हणून पाहण्याची सवय आम्ही तिला लावली नव्हती.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. यांतील पुष्कळ शाळांचे वर्ष जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते, म्हणून जागांची हालचाल नोव्हेंबरपासूनच चालू होते. मे महिन्यात निकाल हाती घेऊन निघणारा उमेदवार बहुधा उशिरा पोहोचतो. बी. एड्. हा अभ्यासक्रम २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांचा केला. माध्यमिक वर्गांत टिकावयाचे असेल तर तो टाळू नये. पहिली ते पाचवीसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निर्णयानुसार बी. एड्. ही पात्रता धरली जात नाही. तेथे प्राथमिक शिक्षणाची पदविका किंवा तत्सम पात्रता हवी. खाजगी शाळा या अटी कितपत पाळतात हे शाळेगणिक बदलते, परंतु उमेदवाराने त्यांच्या ढिलाईवर विसंबू नये. साहाय्यक शिक्षकाची किंवा रजेवरील शिक्षकाच्या जागी काही महिन्यांची नेमणूक कमीपणाची मानू नये. याच फटीतून बहुतेक जण आत गेले आहेत. आय. बी.च्या पदविका टप्प्यात शाळेत शिक्षक नसलेल्या मातृभाषेचे साहित्य विद्यार्थ्याला शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासता यावे, अशीही एक सोय आहे. त्या त्या वर्षीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का ते पाहावे, कारण अशा विद्यार्थ्याला साह्य करणारा बाहेरचा मार्गदर्शक चालतो. नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी परिवीक्षेचा काळ, नोटिशीची मुदत आणि उन्हाळ्याच्या सुटीचा पगार ही तीन कलमे दोनदा वाचावी. परदेशातून आलेल्या शिक्षकांचे वेतन निराळे असते, हे पाहून खट्टू होणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना दोष देत नाही.

आणखी एक तयारी आहे, तिला पैसे लागत नाहीत. खानदेशच्या त्या विद्यार्थिनीला मी सुचविले की वस्तीतील अमराठी मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी गोष्टी सांगाव्या आणि त्यांच्या तोंडचे प्रत्येक चुकलेले वाक्य वहीत उतरावे: कोणाचे, घरची भाषा कोणती, पुढे ते केव्हा सुधारले. सहा महिन्यांत वही भरली. पुढल्या मुलाखतीत तिने प्रमाणपत्रांची फाईल बाजूला ठेवून ती वही पुढे केली. मुख्याध्यापिका मराठी जाणत नव्हत्या. तरी एका पानावर एकाच मुलाची ‘मीने’पासून ‘मी’पर्यंतची तारीखवार वाटचाल त्यांनी बोट ठेवून वाचवून घेतली. नेमणूक सहावी व सातवीच्या वर्गांवर झाली. त्या वहीची एक प्रत आता विभागाच्या ग्रंथालयात आहे, आणि द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अशी एकेक वही करावी, असा प्रस्ताव मी अभ्यासमंडळापुढे ठेवला आहे.