माशीच्या घरी पाहुणे

‘मधाचं गाव’ म्हटलं की महाबळेश्वरजवळचं मांघर आठवतं; २०२२ मध्ये त्याला तो मान मिळाला. पण तळ्यांच्या आणि धानाच्या भंडारा जिल्ह्यातही माश्यांना फुलांची वानवा नाही. तिकडे मधपेट्या पाहायला निघालात, तर एवढं गाठीशी असू द्या.

१. केळं खाऊन जाऊ नका. डंख मारताना माशी धोक्याचा गंध सोडते. त्यातला मुख्य घटक पिकल्या केळ्याच्या वासातही असतो!

२. काळे कपडे घरीच ठेवा. मधाचा जुना दरोडेखोर कोण? अस्वल. काळं, केसाळ काही दिसलं की माश्या बिथरतात. पांढरा सदरा उत्तम.

३. आग्या माशी पेटीत नांदत नाही. कोका-नागझिऱ्याच्या जंगलात उंच फांदीला लटकणारं ते भलंमोठं एकच पोळं आग्याचं. सातेरी जातीच्या माशीला मात्र अंधारी ढोली लागते, आत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी. पेटी म्हणजे तिच्यासाठी सुताराने केलेली ढोलीच.

४. धूर म्हणजे वणव्याची वर्दी. माश्या घाईघाईने पोटात मध भरून घेतात. शिवाय धुरात धोक्याचा गंधही दबतो. मग पेटीतली पोळ्याची चौकट अलगद उचला: वरच्या कडेला मेणाने झाकलेला मध, त्याखाली पिवळा-केशरी पराग, मधोमध तांदळाच्या बारीक कणीसारखी अंडी.

५. नराला बाप नसतो, आजोबा असतो! तो फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला नांगीही नसते, त्यामुळे त्याला बिनधास्त हातावर घ्या.

६. पत्ता नाचून सांगतात. पोळ्यावरच्या नाचाचा उभ्या रेषेशी जो कोन, तोच फुलांच्या वाटेचा सूर्याच्या दिशेशी. हे कोडं उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं.

७. धानाचं माशीवाचून अडत नाही. काकडी, कारलं, भोपळ्याचं अडतं. वांग्याच्या फुलातला पराग झटकून काढणं मात्र मधमाशीला जमत नाही. तिथे भुंग्याची गुणगुणच हवी.

८. कूलर त्यांच्याकडेही आहे. अंडी-अळ्यांना साधारण ३५ अंश मानवतात. वैशाखात माश्या पाणी आणून आत शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणून पेटी सावलीत, पाण्याजवळ ठेवतात.

९. मध गोठला म्हणजे भेसळ नव्हे. बरणी कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होईल. आणि चमचा चाटूनपुसून घ्या: एक कामकरी माशी जन्मभरात जेमतेम चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध करते.

घरी पोचलात? आता खुशाल केळं खा. वरून मध घालून!